दोलताडेबाईंचं शटर

पांढरमाळात कुणी पायी चालताना दिसला, की गाडीवाले थांबून विचारतात, "काय ओ, पंक्चर का?"

विचारणारच. गावच तसं पसरलंय. एके काळी एका वेशीत पेटवलेली विडी दुसऱ्या वेशीत पोचेपर्यंत टिकायची म्हणे. मग हायवेचा बायपास झाला आणि गावाला पाय फुटले. तहसील कचेरी स्वस्त जागा बघून पूर्वेला चार किलोमीटरवर जाऊन बसली. सरकारी दवाखाना कुणीतरी दान दिलेल्या माळावर, पश्चिमेला पाच किलोमीटर. कॉलेज टेकाडावर, बाजार समिती बायपासला. जुन्या पेठेत उरलं काय, तर मारुतीचं देऊळ आणि कुलूप घातलेलं पोस्ट. दळणाला गाडी, देवाला गाडी, डोकेदुखीची गोळी आणायची तरी गाडी. ज्याच्याकडे गाडी तो राजा. ज्याच्याकडे नाही, त्याच्या तोंडी दिवसभर एकच वाक्य, "मला तेवढं सोडता का?"

हेमलता दोलताडेबाईंनी हे वाक्य चौदा वर्षं म्हटलं. नवरा गेला, पाठोपाठ त्याची मोटरसायकल दिराने नेली. लेक ऋतुजा लग्न करून नाशिकला गेली. बाई पांढरमाळातच राहिल्या, कारण मधल्या रस्त्याला त्यांचं पिको-फॉलचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं दोन खोल्या. गिऱ्हाइकं म्हणायची, बाईंच्या जिभेपेक्षा त्यांची कात्री परवडली. पण "सोडता का" म्हणताना त्याच जिभेला आपोआप लोणी लागायचं, आणि बाईंना स्वतःचाच असा संताप यायचा, की घरी येऊन मशीन दुप्पट जोरात चालवायच्या.

त्या काळात आधार एकच होता, हणमंत गलांडेची वडाप जीप. मावतील तेवढी माणसं भरायची आणि हात दिसेल तिथं थांबायचं. हणमंतने तीस वर्षं ती चालवली. चार बहिणींची लग्नं लावता लावता गड्याचं स्वतःचं राहून गेलं. कुणाचा डबा पोचव, कुणाचं औषध आण, म्हातारी लांबून धापा टाकत येताना दिसली तर तिच्यासाठी अख्खी जीप थांबवून ठेव, असा त्याचा खाक्या. आतले लोक बोंबलायचे. हा म्हणायचा, "तुमची आई असती म्हंजी?" की सगळे गप.

मग नगरपंचायतीने एका कंपनीशी करार केला आणि पांढरमाळात बिनडायवरी आल्या. कंपनीने त्यांना काहीतरी भारी नाव दिलं होतं, पण गावाने बारसं केलं ते हेच. सहा माणसांची, विजेवर चालणारी, चालकाची खुर्चीच नसलेली गाडी. अशा चाळीस.

या गाड्या शहरात आधीपासून होत्या. पण शहरातली गाडी शहरातलंच शिकलेली. ती ठरलेल्या थांब्यावरच उभी राहायची, आणि रस्त्याकडेला कुणी हात वर केला की त्याला अडथळा समजून वळसा घालून जायची. पांढरमाळात पहिल्याच दिवशी तिने नगराध्यक्षांच्या सासूला असा वळसा घातला. झालं! गाव खवळलं. तेव्हा कंपनीने ठरवलं, की या गावच्या गाड्यांना गावातल्याच माणसाकडून शिकवायचं.

शिकवायचं म्हणजे नियम पाठ करून घ्यायचे नाहीत. एका गाडीला चहूबाजूंनी कॅमेरे लावले, आत चालकाकडे बघणारा एक कॅमेरा लावला, आणि हणमंतला म्हटलं, तू नेहमीसारखी सहा महिने चालव. त्याने कुठं ब्रेक दाबला, कुणाला बघून दाबला, तेव्हा त्याची नजर कुठं होती, भोंगा कधी वाजवला, सगळं यंत्राने टिपलं. लाखो वेळा टिपलं आणि त्यातून रीत शोधली. लहान पोर नाही का, आईने न सांगता तिच्याकडे बघून तव्यावरची भाकरी उलटायला शिकतं? फरक एवढाच, की पोर विचारतं, "आई, असं का?" यंत्र काही विचारत नाही. गुरुजीने केलं ना, मग आपणही करायचं.

आणि काय शिकल्या हो गाड्या! हात केला की थांबायच्या. काठी टेकत येणाऱ्यासाठी दार उघडून उभ्या राहायच्या. पावसाचं पाणी साचलेलं असलं तर कडेच्या माणसावर न उडवता हळू जायच्या. हेमलताबाई पहिल्या महिन्यात, दुकान शेजारणीच्या भरवशावर उघडं ठेवून, आठ वेळा बाजारात गेल्या. काही घ्यायचं नव्हतं. कुणाला न विचारता जाता येतं, म्हणून गेल्या. आठव्या वेळी गाडीत एकट्याच होत्या, तर चक्क गुणगुणल्या.

पण महिनाभरात बाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक गाडी त्यांच्या दुकानासमोर आली की हळू व्हायची आणि दोनदा भोंगा वाजवायची. पीं-पीं. मग पुढं.

तिथं आधी मोठा खड्डा होता. हणमंतची जीपसुद्धा तिथं हळू व्हायची, भोंगा वाजवायची, आणि बाईंना वाटायचं, खड्ड्यासाठी. आता रस्ता गुळगुळीत झाला, खड्डा गेला, पण पीं-पीं काही गेली नाही. चाळीस गाड्या, दिवसाला सहा-सहा फेऱ्या, आणि रस्ता हा एकच. म्हणजे दिवसातून अडीचशे वेळा गाडी हळू होणार आणि आतली सहाची सहा तोंडं बाईंच्या दुकानात डोकावणार. बाई जेवताहेत, बघा. बाई गिऱ्हाइकाशी भांडताहेत, बघा. शेजारची नंदा तर म्हणाली, "हेमाताई, तुम्ही आता रोज पावडर लावून बसत जावा."

बाईंनी डेपोत फोन लावला. डेपो म्हणजे बाजार समितीशेजारी गाड्या धुवायची, चार्ज करायची जागा. हणमंत तिथंच आता देखरेखीला होता. फोन त्यानेच उचलला.

"हणमंतभाऊ, तुमच्या गाड्यांना काही वळण लावा! माझ्या दारात येऊन पिपाण्या वाजवतात. काल एका नवरीच्या शालूला उलटा फॉल लागला त्यापायी."

पलीकडून नुसता गाड्या धुवायच्या पाण्याचा आवाज येत राहिला.

"ऐकू येतंय का?"

"व्हय... आवं, बघतो मी," हणमंत म्हणाला आणि फोन ठेवून दिला. चार दिवस गेले, आठ गेले, पीं-पीं तशीच. बघतो म्हणजे काय बघत होता कुणास ठाऊक.

पुढच्या आठवड्यात बाई शटर ओढून, कुलूप लावून लेकीकडे नाशिकला गेल्या. चार दिवस नातवंडांचे लाड केले. पाचव्या दिवशी दुपारी एसटीने परतल्या, स्टँडवर बिनडायवरीला हात केला आणि बसल्या. गाडी घरापासून अर्ध्या किलोमीटरवर उभी राहिली ती हलेचना. पुढं बघतात तर गाड्यांची ही रांग! बाई पिशवी घेऊन उतरल्या आणि चालत निघाल्या. गाड्यांमधली माणसं वैतागून खिडक्यांतून बाहेर लोंबत होती.

"चार दिस झालं असंच चाललंय काकू! डेपोतनं एकेक गाडी हातानं फुडं काढत्यात."

"कुठं अडलंय?"

"तुमच्याच दारात की!"

बाईंना काही उमगेना. दारात पोचल्या. पहिली गाडी त्यांच्या शटरसमोर मुकाट उभी. बाईंनी नेहमीसारखं कुलूप काढलं आणि खर्रकन शटर वर केलं.

पीं-पीं. पहिली गाडी निघाली. दुसरी पुढं आली. पीं-पीं. तिसरी. पीं-पीं. एकामागून एक सगळ्या गाड्या मुजरा करून गेल्यासारख्या बाईंना भोंगा वाजवून गेल्या, आणि प्रत्येक गाडीतून सहा-सहा जण डोळे फाडून बघत गेले. बाई कुलूप हातात धरून तशाच उभ्या.

दुसऱ्या दिवशी कंपनीची इंजिनियर आली. अन्विता पेठे नाव, तिशी ओलांडलेली, हातात पाटीएवढा पडदा. बाईंनी तिला मशीनशेजारच्या स्टुलावर बसवलं आणि चहा दिला.

"काकू, गाड्यांत बिघाड नाही," अन्विता म्हणाली. "त्या अगदी बरोबर शिकल्यात. हणमंतभाऊ सहा महिन्यांत अकराशे वेळा इथून गेले. शटर वर असलं, की न चुकता दर वेळी हळू झाले, भोंगा वाजवला आणि पुढं गेले. रात्री शटर खाली असतंच, तेव्हा ते थांबले नाहीत; पण दिवसा पाच वेळा शटर खाली होतं. पाचही वेळा ते गाडी थांबवून उतरले, शेजारच्या नंदाताईंना काहीतरी विचारलं आणि मग गेले. गाडीला उतरून विचारता येत नाही. म्हणून ती नुसतीच थांबून राहते."

"खड्ड्यासाठी होत असतील हळू."

"तेही तेच म्हणाले!" अन्विता हसली. "पण खड्डा चुकवणारा माणूस खाली बघतो, काकू. हे डावीकडे बघत होते. शटरकडे. मी विचारलं का, तर म्हणाले, सवय. त्यापुढं तोंड उघडायला तयार नाहीत. कितीदा विचारलं."

बाईंनी मशीनमध्ये दोरा ओवायला घेतला. तो काही ओवला जाईना.

"माझी अडचण अशी आहे," अन्विताने पडदा पुढं केला. "गाडी जिथं थांबते, तिथं थांबण्याचं कारण नोंदवावं लागतं. शाळा, दवाखाना, देऊळ, काहीही. बिनकारण थांबणं म्हणजे दोष. उद्या दुपारी बारापर्यंत कारण भरलं नाही, तर वरून हुकूम आहे, हे सगळं शिक्षण पुसायचं आणि शहरातलं घालायचं."

"म्हणजे हात केला की..."

"थांबणार नाहीत. अख्ख्या गावात बारा थांबे असतील. फोनवर नोंदणी करायची, आणि दोन मिनिटांत चढलं नाही तर गाडी पुढं."

बाईंच्या दारापासून सगळ्यात जवळचा थांबा दीड किलोमीटरवर येणार होता. तिथपर्यंत जायचं कसं? पुन्हा दिराचं तोंड बघायचं, पुन्हा तेच, मला तेवढं सोडता का. आणि ती काठी टेकत येणारी माणसं?

"तुम्हाला काही कारण आठवतंय का, काकू?"

"मला काय ठाऊक? मला आज सहा साड्या द्यायच्यात," बाई म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. अन्विता बिचारी अर्धा चहा टाकून गेली.

आठवत होतं की! न आठवायला काय झालं? अकरा वर्षांपूर्वी बाईंना डेंग्यू झाला होता. तीन दिवस शटर खाली. गिऱ्हाइकांना वाटलं लेकीकडे गेली, नंदा माहेरी, आणि आत बाई तापाने फणफणून जमिनीवर पडलेल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मागचं दार धडाधडा वाजवून उघडायला लावलं. हणमंत. त्याने भरलेली जीप रिकामी केली, बाईंना मागच्या बाकावर निजवलं आणि पाच किलोमीटर दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणाले होते, अजून एक दिवस गेला असता तर कठीण होतं. बाई बऱ्या झाल्या, त्याला एक सदरा शिवून दिला, विषय संपला. म्हणजे बाईंचा संपला. त्याने त्या दिवसापासून प्रत्येक फेरीला शटर बघितलं. अकरा वर्षं. आणि कधी एका शब्दाने बोलला नाही!

सकाळी बाईंनी नवी इरकल साडी नेसली. का नेसली, ते त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही. मागच्या दाराने बाहेर पडल्या आणि डेपोच्या दिशेने चालू लागल्या. गाडीने गेलं तर डेपो सात मिनिटांवर, आणि सात मिनिटांत विचार करून होत नव्हता. पायी तासभर मिळाला असता.

पण पांढरमाळ सुखाने चालू देईल तर ना!

"काकू, गाडी चुकली का?"

"वहिनी, या बसा, सोडतो."

"पंक्चर का वं?"

जन्मभर ज्यांना विनवलं ते सगळे आज आपणहून विचारत होते, आणि बाई ठसक्यात सांगत होत्या, "नको. चालतेय मी." बिनडायवऱ्यांनी तर उच्छाद मांडला. बाई दिसल्या की शेजारी येऊन दार उघडून उभ्या. हात हलवून "जा बाई पुढं" म्हणावं, तर मागच्या गाडीला तो थांबायचाच हात वाटायचा, तीही उभी. शेवटी बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले, तेव्हा कुठं सुटका झाली.

चालता चालता त्यांना आणखी एक गोष्ट सुचली. हणमंत अख्ख्या गावाला नात्याने हाक मारायचा. ताई, माई, मावशी, वहिनी. नंदाला ताई. दिराच्या बायकोला वहिनी. आणि आपल्याला? बाईंनी खूप आठवून पाहिलं. अकरा वर्षांत एकदाही नाही. नुसतं "आवं". बाई भर रस्त्यात थांबल्या. "अगं बाई!" असं मोठ्याने म्हणाल्या आणि एकट्याच हसत सुटल्या. विशीनंतर अशा त्या कधी हसल्याच नव्हत्या.

डेपोत अन्विता घड्याळाकडे बघत बसली होती. साडेअकरा झाले होते. कोपऱ्यात हणमंत, मान खाली घालून. बाईंना घामाघूम दारात बघितल्यावर तो ताडकन उठला.

"आवं, पायी? काय झालं? बरं न्हाई का?"

"मला काही धाड भरली नाही. तुम्ही कारण का सांगत नाही यांना?"

हणमंतने चपलेकडे बघितलं. "काय सांगू? गाव हाय ह्ये. माझं काय न्हाई वं, मला कोण इचारतंय? पर तुमचं नाव लोकांच्या तोंडी कशापायी घालू? पुसूद्यात मेलं शिक्षण."

"आणि लोकांनी बारा थांब्यांपर्यंत रांगत जायचं?"

तीस वर्षं ज्याने म्हाताऱ्यांसाठी जीप थांबवून धरली, तो माणूस एका बाईच्या नावासाठी सगळं पुसायला निघाला होता. बाईंना त्याच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटला, आणि रडावंसंही वाटलं.

त्या अन्विताकडे वळल्या. "काय काय कारणं आहेत गं तुझ्याकडं?"

अन्विताने वाचून दाखवली. "शाळा. दवाखाना. कचेरी. देऊळ. प्रवासी वाट पाहत आहे."

"ते शेवटचं लाव."

"पण काकू, तिथं कोण वाट..."

"नाव लागतं ना? लिही. हेमलता दोलताडे." बाईंनी पदराने कपाळाचा घाम पुसला. "आधी माहीत नव्हतं तिला, म्हणून नोंदवायचं राहिलं. आता माहीत झालंय."

हणमंतने खुर्चीची पाठ घट्ट धरली. अन्विताने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि ती हुशार पोरगी एक अक्षर न बोलता लिहू लागली. मग घसा साफ करून म्हणाली, "आज रात्री हे गाड्यांत जाईल. भोंगा ठेवते, रांग काढून टाकते. दिवसा शटर खाली दिसलं तर गाडी डेपोला कळवेल आणि पुढं जाईल. पण मग डेपोतून कुणीतरी जाऊन बघायला पाहिजे. बघणार कोण?"

"मी हाय की," हणमंत म्हणाला.

"मग चला, हणमंतराव," बाई म्हणाल्या. "आजपासूनच बघा."

भाऊचा राव झालेला त्याने ऐकला. कानापर्यंत लाल झाला गडी, साठीला आलेला! "गाडी बोलावू?" त्याने विचारलं. बाई नको म्हणाल्या, आणि दोघं पायीच निघाली.

घराजवळ आली तर पुन्हा तीच रांग. बाई मागच्या दाराने निघाल्या होत्या, शटर वर करायचं साफ विसरल्या होत्या! वीस-पंचवीस गाड्या, भर दुपारी, अख्खं गाव आत बसलेलं, आणि रांगेच्या कडेने ही दोघं चालत येताहेत. एकेक खिडकी उघडत गेली. पहिल्याच गाडीत नंदा होती. तिचे डोळे बशीएवढे झाले.

"अगं बया, हणमंतभाऊ! तुम्ही आन् पायी? पंक्चर का?"

बाईंनी कमरेची किल्ली काढली आणि सगळ्यांदेखत त्याच्या हातावर ठेवली. त्याने वाकून कुलूप काढलं, दोन्ही हात लावले आणि शटर वर केलं.

पीं-पीं. पीं-पीं. पीं-पीं. रांग हलली, आणि आतली माणसं हसायला लागली, टाळ्या वाजवायला लागली. नंदा खिडकीतून अर्धी बाहेर लोंबकळत अजून विचारतच होती, "अवो, सांगा की, पंक्चर का?"

"पंक्चर नाही गं," बाई तिला ओरडून म्हणाल्या. "घरी आलेत ते!"